कोऱ्या पंचनाम्यावरची माझी सही

प्रति,
मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार, आणि आमच्या रीतीप्रमाणे प्रभूच्या नावात सलाम.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. आठ एकर वावर आहे. त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, सोयाबीन आणि मधूनमधून तुरीची तासं. गावातल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत 'वडील', म्हणजे चर्चचा एक ज्येष्ठ सेवक, म्हणून सेवा करतो. यवतमाळला १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था होती, ती १९८३ साली पुण्याला गेली. माझे बाबा तिथं स्वयंपाकघरात कामाला होते. त्यांना वाचता फारसं येत नव्हतं, पण ऐकलेलं वचन ते कधी विसरले नाहीत. त्यांच्याच तोंडून दहा आज्ञा माझ्या कानावर पडल्या. त्यातली नववी मी मोडली. हे पत्र त्याबद्दल आहे आणि तुमच्याबद्दलही आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्याकडे नाला फुटला. काठच्या वावरांत तीन दिवस पाणी उभं होतं. सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले, पऱ्हाटीची खालची बोंडं काळी पडून सडली. पंचनाम्याचा आदेश आला. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक या तिघांनी मिळून वावरात जाऊन पाहणी करायची असते आणि पंचांनी सोबत असायचं असतं. एका संध्याकाळी मी चहाच्या टपरीवर बसलो होतो. एक जण कागदांचा गठ्ठा घेऊन आला. त्याचं नाव, हुद्दा आणि गाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या एका माणसाला शिक्षा व्हावी म्हणून मी हे लिहीत नाही. तो म्हणाला, "काका, तुमची सही असली का वरचे काही इचारत नाही." मला बरं वाटलं, हे मी कबूल करतो. छापील नमुना होता. गट नंबर रिकामा, पिकाचं नाव रिकामं, नुकसानीची टक्केवारी रिकामी. तळाला मात्र छापलेलं होतं, "आम्हा पंचांसमक्ष". कप बाजूला ठेवून मी अकरा कागदांवर सह्या केल्या.

महिना-दीड महिन्यानं यादी लागली. नाल्याला लागून एका विधवा बाईचं दोन एकर वावर आहे. तिचं नुकसान वीस टक्के लिहिलेलं होतं. ३३ टक्क्यांच्या खाली गेलं की मदत नाही, म्हणजे ती बाद. आणि ज्या टेकाडावरच्या वावरात पाणी थांबतच नाही, तिथं साठ टक्के. बाईच्या पोरानं पंचनाम्याची नक्कल काढून आणली. ती नक्कल घेऊन ती माझ्या दारात आली. रागात नव्हती. कागद माझ्यापुढं धरून सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "दादा, हे सही तुमचीच हाये न? मंग तुमी पायलं केव्हा?"

मला उत्तर देता आलं नाही. "आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस" ही आज्ञा मी कितीतरी रविवारी लोकांना समजावून सांगितली होती, आणि दरवेळी माझ्या डोळ्यापुढं कोर्टातला पिंजरा असायचा. टपरीवरचा तो कागद साक्षच होता, हे मला त्या बाईनं दाखवलं. माझ्या शेजारणीविरुद्ध अकरा कागदांतला एक कागद मी दिला होता, कोरा.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला जाऊन लेखी दिलं की सही माझी आहे, पण मी वावरात गेलो नव्हतो आणि सही करताना कागद कोरा होता. समोरच्या साहेबांनी ते वाचलं आणि शांतपणे सांगितलं, "हे परत घेऊन जा, अडचणीत तुम्हीच याल." मी परत घेतलं नाही. त्याचं पुढं काय झालं, मला आजपर्यंत कळवलेलं नाही. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये असा दर होता. दोन एकराचे पावणेसात हजारांच्या आसपास होतात. ते मी कापूस विकून तिला दिले. यरीहोचा जक्कय जकातदारांचा मुख्य होता. त्यानं ज्याचं लबाडीनं घेतलं त्याला चौपट परत देईन असं येशूसमोर उभं राहून सांगितलं. चौपट माझ्यानं अजून झालेलं नाही.

आता तुमच्याकडे येतो. मंत्रीपदाची शपथ घेताना "ईश्वरसाक्ष" म्हणता येतं किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. राज्यघटनेनं दोन्ही वाटा ठेवल्या आहेत आणि दोन्हींचं वजन सारखंच आहे. तुम्ही कोणती घेतली ते मी विचारत नाही. पण त्या शब्दातली साक्ष आणि माझ्या पंचनाम्यातली साक्ष एकच आहे, असं मला वाटतं. तुम्ही साक्ष देता मुंबईत, मी देतो टपरीवर. मधल्या सगळ्या टेबलांवर तिसरा, चौथा, पाचवा माणूस सही करत असतो, आणि प्रत्येकाला वाटतं की खालच्यानं पाहिलंच असेल. माझ्यापासून खाली कोणीच नव्हतं.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि त्यांनी विचारलं, आम्ही काय करावं? त्यानं त्यांना नोकरी सोडा म्हटलं नाही. नेमून दिलं आहे त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच सांगितलं. मला हे उत्तर फार आवडतं. मोठ्या पश्चात्तापाची भाषा नाही, नेमाचं काम नेमानं करा इतकंच. तलाठ्यांकडे किती गावं असतात आणि पंचनामे किती दिवसांत मागवले जातात, हे मी जवळून पाहतो. आठ दिवसांत शेकडो वावरं पायी पाहणं माणसाला शक्य नाही. जे शक्य नाही ते "झालं" म्हणून लिहायला लावलं की खोटं तिथंच सुरू होतं, आणि ते खालून सुरू होत नाही.

म्हणून माझं मागणं असं. कोऱ्या नमुन्यावर सही घेणं हा गुन्हा धरा, घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचाही. माझ्यासकट. पाहणीला दिवस वाढवून द्या. आणि यादी वर पाठवण्याआधी ग्रामसभेत गट नंबर आणि टक्केवारीसकट मोठ्यानं वाचायला लावा. गावात कोणाच्या वावरात पाणी शिरलं हे सगळ्यांना माहीत असतं. चारचौघांत टेकाडावरच्या वावराला साठ टक्के वाचून दाखवायला जीभ वळत नाही. यात आमचीही परीक्षा आहे. आपलं नुकसान वाढवून सांगणारे शेतकरी आहेत, आणि रविवारी माझ्या शेजारी बसून प्रार्थना करणाऱ्यांतही आहेत. त्यांना मी सांगत असतो.

आणखी एक. अतिवृष्टीनंतर नेते आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर येतात, गुडघाभर चिखलात उभे राहतात. त्याचं आम्हाला अप्रूप आहे. पण तिथं "सरसकट मदत" असं बोलून जातात आणि मागून आदेश निघतो तो "निकषांनुसार". त्या दोन शब्दांमधल्या दीड-दोन महिन्यांत आमच्याकडे काय होतं ते सांगतो. माणूस भरवशावर थांबतो. हरभऱ्याचं बियाणं कृषी केंद्रातून उधार उचलतो, भाव बरा असताना बकऱ्या विकत नाही, पोरीची फी पुढच्या महिन्यावर ढकलतो. मग पैसे येत नाहीत आणि त्याच बकऱ्या पडेल भावात जातात. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूनं सांगितलं आहे की तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं. तुमचं "नाही" आम्हाला झेपतं, मंत्रीमहोदय. नांगर धरणाऱ्यानं ते आभाळाकडून पुष्कळदा ऐकलेलं असतं. पण वेळेवर सांगा.

पॅकेजचा आकडा सांगतानाही तसंच. नवीन पैसा किती आणि आधीच मंजूर असलेल्या योजनांचा किती, हे एका वाक्यात वेगळं करून सांगा. येशूच्या शिष्यांच्या, म्हणजे प्रेषितांच्या काळात हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोनं जमीन विकून काही रक्कम आणून दिली. सगळी द्या असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. त्या प्रेषितांपैकी पेत्रानं तसं स्पष्ट सांगितलंही. थोडं देऊन सगळं दिलं असं भासवलं, हा त्यांचा अपराध होता.

या भागात आम्ही ख्रिस्ती मूठभर आहोत. मतांच्या हिशेबात आम्ही बसत नाही, म्हणून या पत्राला वजन नसेल असं काही जण मला म्हणाले. तरी हे पत्र लिहिणं मला भाग होतं. त्या बाईनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे थकलेलं आहे.

यंदा पुन्हा पंचनाम्याची वेळ आली, तर येणाऱ्यांना आदल्या दिवशी मला निरोप द्यायला सांगा. पहिल्यांदा नाल्याकाठच्या त्या दोन एकरांत जायचं आहे. बाईला सोबत घेऊ. टक्केवारी तिच्यासमोर, धुऱ्यावर उभं राहून लिहा. त्यानंतर मी सही करीन.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातला एक शेतकरी