जुनी क्लच प्लेट घरी आणा

इंदूर,
रविवार, संध्याकाळ

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, अंदाजपत्रकाचा फोटो नीट वाचला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, हायड्रॉलिक पंप, लिफ्टचं किट, हाफ इंजिन (इंजिन खोलून पिस्टन, रिंग आणि लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, बदलण्याचं काम), ऑइल, आणि शेवटी ‘किरकोळ’ म्हणून एक रक्कम. तुमच्या तक्रारी मात्र दोनच होत्या: रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं औजार) लावला की क्लच घसरतो, आणि इंजिन बंद केलं की औजार उचलणारी लिफ्ट धरत नाही. दोन तक्रारींची एवढी यादी कशी झाली, हे ट्रॅक्टर खोलण्याआधीच विचारायला हवं. सोयाबीन निघालंय आणि गव्हाच्या पेरणीला अजून थोडे दिवस आहेत, तेवढाच वेळ आपल्या हातात आहे. फोनवर सगळं सांगून लक्षात राहत नाही म्हणून लिहून पाठवतेय. आई, हे पत्र ट्रॅक्टरच्या वहीतच ठेव.

सगळ्यात आधी मिस्त्रीला एक सांगा: जो पार्ट निघेल तो आपल्याला परत हवा. हे काम सुरू व्हायच्या आधी सांगायचं आणि जॉब कार्डावर (दुकानातल्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्यायचं. नंतर मागितला तर तो ‘भंगारात गेला’ असंच उत्तर येतं. मिस्त्रीवर संशय आहे म्हणून मी हे सांगत नाही. पार्ट का गेला ते जुन्या पार्टवरच दिसतं, आणि ते कारण तसंच राहिलं तर नवा पार्टही त्याच वाटेने जातो.

आता क्लच. घसरतो म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी बघा. आपल्याकडे ड्युअल क्लच आहे, म्हणजे गाडी चालवणारी प्लेट वेगळी आणि पीटीओची, म्हणजे मागचं औजार फिरवणाऱ्या शाफ्टची, वेगळी. लोड आल्यावर ट्रॅक्टर मागे पडतो पण रोटाव्हेटरची पाती त्याच जोरात फिरत राहतात, असं असेल तर मेन प्लेट गेली. ट्रॅक्टर चालतोय आणि पाती मंदावतात, तर पीटीओची प्लेट. अंदाजपत्रकात नुसतं ‘क्लच प्लेट’ लिहिलंय, कुठली ते नाही.

त्याच्याही आधी पेडलचा फ्री प्ले मोजा. पेडल हाताने दाबायचं आणि जोर लागायला सुरुवात होईपर्यंत ते किती खाली जातं ते पट्टीने बघायचं. बऱ्याच ट्रॅक्टरांत हे अंतर २० ते ३५ मिलिमीटरच्या आसपास असतं, आपल्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या पुस्तिकेत आहे. तिथे काहीच ढील उरली नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) सतत टेकून राहतं, प्लेट पूर्ण दाबली जात नाही आणि घसरते. रॉडचं नट फिरवून हे पाच मिनिटांत जुळतं. जुळवूनही घसरत असेल तरच ट्रॅक्टर मधून तोडायचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचे.

तोडल्यावर जुनी प्लेट हातात घेऊन उजेडात बघा. फेसिंग (प्लेटवरचा घर्षणाचा थर) सगळीकडे सारखं झिजून रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत आलं असेल तर प्लेटचं आयुष्य संपलं, दोष कुणाचा नाही. फेसिंग जाड आहे पण काचेसारखं चकचकीत झालंय, जळका वास येतोय आणि प्रेशर प्लेटवर निळे डाग पडलेत, तर ती उष्णतेने गेली. पेडलवर पाय ठेवून चालवल्याने किंवा फ्री प्ले नसल्याने असं होतं. (बाबा, वळणावर तुमचा पाय पेडलवरच राहतो. तेवढी सवय सोडा.) आणि प्लेट तेलकट लागली, बोट फिरवल्यावर बोटाला ऑइल आलं, तर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गळतंय. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर ती थोड्याच तासांत पुन्हा ओली होते, आणि तोडण्याची मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते.

क्लचच्या कामात मोठा खर्च ट्रॅक्टर तोडण्या-जोडण्याचाच. म्हणून एकदा तोडलाच तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि ती दोन्ही सीलं त्याच वेळी बदला. प्लेटच्या मानाने ती स्वस्त आहेत. अंदाजपत्रकात ही चारही दिसत नाहीत, आणि मला हाफ इंजिनपेक्षा तेच जास्त खटकलं. रिलीज बेअरिंग सीलबंद येतं, ते डिझेलमध्ये धुवायचं नाही, नाहीतर आतलं ग्रीस निघून जातं. फ्लायव्हीलवर नखाला लागतील अशा रेघा असतील तर ते लेथवर फेस करून (घासून सपाट करून) घ्या. नवी प्लेट जुनीवर ठेवून व्यास आणि मधल्या स्प्लाइनचे दात मोजून घ्या. खोक्यावर मॉडेल बरोबर असूनही आतला पार्ट दुसऱ्याच सालचा निघतो, हे पार्टच्या काउंटरवर नेहमी दिसतं. प्रेशर प्लेटची बोटं (क्लच सोडवणारे लिव्हर) एका उंचीला सेट केलीत ना, तेही विचारा. एखादं वर-खाली राहिलं तर क्लच सोडताना ट्रॅक्टर थरथरतो.

लिफ्टची परीक्षा तर तुम्ही घरीच करू शकता. कल्टिव्हेटर पूर्ण वर उचला, इंजिन बंद करा आणि दांड्याला खडूची खूण करून अर्धा तास बघा. त्या वेळात कुणालाही औजाराखाली जाऊ देऊ नका. इंजिन चालू असताना ते जोरात उचललं जातं पण बंद केल्यावर खाली येतं, तर सिलिंडरच्या पिस्टनचं ओ-रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह आतून गळतोय. त्यात पंपाचा दोष नाही. इंजिन चालू असतानाच रखडत उचलत असेल, पण उचललेलं बंद केल्यावर जागेवर राहत असेल, तर ऑइल कमी आहे, सक्शनची जाळी तुंबली आहे किंवा पंप थकलाय. तुमच्या सांगण्याप्रमाणे पहिला प्रकार आहे, म्हणजे पंपाची ओळ कापून टाकायला सांगा. किटमध्ये ओ-रिंगबरोबर तिला आधार देणारी बॅकअप रिंग असते. ती चुकीच्या बाजूला बसली तर नवं ओ-रिंगही दाबाने चिरतं.

ऑइल पुस्तिकेतल्या ग्रेडचंच घ्या. गिअरबॉक्स आणि लिफ्टचं ऑइल एकच असल्यामुळे ते बरेच लिटर लागतं आणि बिलातली मोठी रक्कम तिथेच असते. जुनं ऑइल काढताना किती लिटर निघालं ते मोजा, नव्या बादल्या समोर फोडायला लावा आणि रिकाम्या बादल्या मोजून घरी आणा. जुनं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. मग गिअर लिव्हरच्या रबरी बूटपासून शोध सुरू करायचा, नाहीतर नवं ऑइलही पहिल्या पावसात तसंच होईल.

हाफ इंजिन कशावरून ठरवलं, ते विचारा. ‘धूर मारतोय’ एवढ्यावर ते ठरत नाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: एअर क्लीनर चोंदलाय, नोझल खराब आहे किंवा लोड जास्त आहे. निळसर धूर, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोरात फुंकर आणि डिपस्टिकवर दर दोन-तीन दिवसांनी उतरणारं ऑइल, ही तिन्ही एकत्र असतील तर लायनर-रिंगचा विचार करायचा, आणि तेव्हाही कॉम्प्रेशन मोजून आकडे लिहून घ्यायचे. खोलावंच लागलं तर जुनं पिस्टन रिंग लायनरमध्ये वरच्या बाजूला, जिथे झीज सर्वांत जास्त असते तिथे बसवून रिंगच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची, मग तेच रिंग खाली नेऊन पुन्हा मोजायची. लायनरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या सुमारे तिप्पट ही फट वाढते, म्हणून झीज तिथे लगेच कळते.

लायनर लवकर झिजलं असेल तर बहुधा धुळीमुळे. एअर क्लीनर आणि मॅनिफोल्डच्या मधल्या रबरी होजची क्लिप सोडा आणि पांढरं फडकं बोटाला गुंडाळून होजच्या आतून फिरवा. फडक्यावर माती आली, तर हवा फिल्टर न होताच इंजिनात जातेय. होज भेगाळलाय किंवा क्लिप ढिली आहे, आणि तो थोड्या रुपयांचा होज न बदलता टाकलेली नवी लायनरंही तशीच जातील. रोटाव्हेटरची धूळ किती उडते, ते तुम्ही बघताच.

क्रँकच्या बेअरिंगच्या पाठीवर माप ठोकलेलं असतं: एसटीडी (मूळ माप), ०.२५, ०.५० (घासून बारीक केलेल्या क्रँकसाठी). क्रँक ग्राइंड न करता ०.२५ बसत नाही. म्हणून बिलात ०.२५ बेअरिंग आणि ग्राइंडिंग नाही, किंवा ग्राइंडिंग आहे आणि बेअरिंग एसटीडी, असं दिसलं तर तिथेच थांबा. क्रँक ग्राइंडिंग आणि डिझेल पंपाचं सेटिंग बहुतेक गॅरेजं बाहेरून करून आणतात. त्या वर्कशॉपची मूळ पावती मागा.

बुदनीची केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था ट्रॅक्टर तपासून जो अहवाल काढते, त्यात लायनर, रिंग, बेअरिंग यांची मापं आणि ती बाद कधी धरायची याची कंपनीने दिलेली मर्यादाही असते. आपल्या मॉडेलचा अहवाल शोधून प्रिंट पाठवते. मिस्त्रीची मापं तुम्ही त्याच्याशी ताडून बघू शकाल.

आई, आता तुझं काम. ट्रॅक्टर दुकानात सोडताना जॉब कार्डावर अवर मीटरचे तास, टाकीतलं डिझेल, बॅटरीचा नंबर, चारही टायरचे नंबर, टॉप लिंक आणि हिच पिन लिहून घे. खाली एक ओळ: ‘यादीबाहेरचा पार्ट विचारल्याशिवाय बदलू नये.’ निघणाऱ्या पार्टवर बाबांनी रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे परत आलेला आपलाच आहे हे कळेल. सेल्फ, अल्टरनेटर, बॅटरी अशा वस्तूंत दुकान जुनी जमा करून घेतं. ते चालेल, पण जुन्याची किंमत बिलात वजा झालेली वेगळ्या ओळीत दिसली पाहिजे. वॉरंटीतला पार्ट मात्र बहुधा कंपनीकडे परत जातो. तो फक्त बघायचा आणि फोटो काढायचा.

बिलात प्रत्येक पार्टचा नंबर, नग आणि दर हवा, मजुरी वेगळी. ‘किरकोळ’चा हिशेब मागायचा. नव्या पार्टचं खोकं फेकू द्यायचं नाही, त्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे एमआरपी लावून वर जीएसटी लावलेला चालत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या ठरावीक पार्ट्सवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आलाय. क्लच असेंब्ली, हायड्रॉलिक पंप, रेडिएटर, मागचे टायर त्यात येतात. ऑइल, साधी बेअरिंगं आणि मजुरी अजून १८ मध्येच आहेत. अंदाजपत्रकात सरसकट १८ लावलेत, ते दाखवून दुरुस्त करून घ्या.

बिलावरून बिनसलं तर ‘पैसे देत नाही’ म्हणून निघून येऊ नका. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे दुरुस्ती करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते आणि पेरणीच्या दिवसांत ते आपल्याला परवडायचं नाही. वादाची रक्कम ‘हरकत कायम ठेवून भरली’ असं बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहून भरा आणि ट्रॅक्टर घरी आणा. नंतर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवता येते. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आपण स्वतः राबून पोट भरण्यासाठी ट्रॅक्टर वापरतो, त्यामुळे व्यावसायिक वापर म्हणून तक्रार फेटाळली जाऊ नये. पण त्यासाठी कागद आणि जुना पार्ट, दोन्ही घरात हवेत.

बाबा, उद्या सकाळी इंजिन थंड असताना फ्री प्ले मोजा, कल्टिव्हेटर उचलून खडूची खूण करा आणि होजमध्ये फडकं फिरवून बघा. तिन्हींचे फोटो पाठवा, अवर मीटरचाही. ते बघून मी सियागंजातून सीलं आणि बेअरिंगं पार्ट नंबरवरून आणून ठेवते. शनिवारी येईन तेव्हा बरोबर आणते. तोवर दुकानाला ट्रॅक्टर खोलायला होकार देऊ नका.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची,
ताई