किल्ला मातीचाच हवा!

महोदय,

फराळाच्या ताटाभोवती भावंडं जमली की गप्पा हमखास लहानपणीच्या किल्ल्यावर येतात. सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की दप्तर कोपऱ्यात आणि आम्ही अंगणात! दगड-विटांचा डोंगर रचायचा, त्यावर ओलं गोणपाट पसरायचं आणि चाळलेल्या मातीचा चिखल हातांनी लिंपायचा. अळीव चार-पाच दिवस आधी पेरले, तरच नरकचतुर्दशीला तटाखाली हिरवळ दिसे. सिंहासनावर महाराजांना कोणी बसवायचं यावरून दरवर्षी भांडण ठरलेलं. या आठवणी काढताना आजही फार आनंद होतो.

तोच आनंद नातवंडांना मिळावा असं मनापासून वाटतं. बाजारातला प्लास्टरचा तयार किल्ला तो देऊ शकत नाही. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगडासह १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातला जिंजी तर तमिळनाडूतला. मुलांनी त्यांतला एक निवडावा आणि नकाशा बघून बांधावा. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या एकदा मातीत उतरवल्या, की पाठ कराव्या लागत नाहीत.

गृहनिर्माण सोसायट्यांनी पार्किंगचा एक कोपरा दिवाळीपुरता मुलांना द्यावा. ‘घाण होते’ म्हणून नाही म्हणू नये. माती झाडून निघते. आणि आजी-आजोबांनी खुर्चीतून सूचना देण्यापेक्षा सरळ चिखलात हात घालावेत.

– एक वाचक, सातारा