एम.एस्सी. संगणकशास्त्र नोकरदारांनाही करता यावं

महोदय,

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी संगणक विभाग सांभाळते. भट्टीचं तापमान, वाळूतला ओलावा, रोजचं रिजेक्शन असे सगळे आकडे माझ्याकडे जमतात. त्यावरून कास्टिंगमधला, म्हणजे ओतलेल्या भागातला, दोष आधीच ओळखायचा, तर संख्याशास्त्र आणि मशीन लर्निंग मुळापासून शिकायला हवं. म्हणून एम.एस्सी.ची चौकशी केली. वर्ग दिवसा, विषय आधीच ठरलेले. डेटाबेसचा प्राथमिक पेपर, म्हणजे माझं रोजचं काम, तोही टाळता येत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत लवचीकतेची सोय आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून एका वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) ‘शैक्षणिक श्रेयांक बँके’त जमा राहतात, ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे पेपरही धरता येतात. पण वेळापत्रक जुनंच राहिलं, तर याचा आम्हाला काय उपयोग?

अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम, गणित सक्तीचंच ठेवा. तिथे सवलत मलाही नको. बाकीचे विषय निवडू द्या, वर्ग संध्याकाळी भरवा, प्रकल्प कारखान्यातल्या खऱ्या अडचणीवर करू द्या. पुढच्या प्रवेशांआधी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांनी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या नोकरदारांशी एकदा बसून बोलावं, ही कळकळीची विनंती.

– एक नोकरदार वाचक, कोल्हापूर