ग्रॅममध्ये कोण जेवतं?

संपादक महोदय,
सप्टेंबरात पोषण महिना आला की वस्त्यांमधल्या आहार पाहण्यांच्या बातम्या आपल्या पानांवर वाचते. मी गोवंडीत अंगणवाडी सेविका होते. निवृत्तीनंतर अशाच एका पाहणीबरोबर घरोघर फिरले. ओळखीचं माणूस असल्याशिवाय बायका मोकळं बोलत नाहीत, म्हणून मला बोलावलं होतं.

टॅब घेऊन आलेली मुलगी कष्टाळू होती, पण प्रश्न असा: ‘गेल्या महिन्यात आठवड्यातून किती वेळा डाळ खाल्ली, दर वेळी किती ग्रॅम?’ समोरची बाई दुसरीपर्यंत शिकलेली, चार घरची धुणीभांडी करणारी. माझ्याकडे बघून म्हणाली, “टीचर, डाळ तर खातोच की.” मुलीने ‘रोज’वर बोट टेकवलं.

मला राहवलं नाही. म्हटलं, काल डाळ कशात केली ते दाखव बरं. तिने टोप आणि पळी आणली. मूठभर तूरडाळ, टोपभर पाणी, खाणारी सहा माणसं. सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी उरलं त्यात भात कालवून तिने टोपातच खाल्लं. ताटच घेतलं नाही, तर वाटी कुठली मोजणार?

शिवाय ‘जेवण’ म्हणजे भात-चपाती. कामाच्या घरी मिळालेला शिळा उपमा, दोनदा चहा-खारी, संध्याकाळी पोराच्या वडापावातला अर्धा घास तिच्या हिशेबातच नाही. “नळाला पाणी आलं तेव्हा तोंडात काय टाकलंस? दुसऱ्या घरच्या बाईंनी काय दिलं?” असं कामाच्या क्रमाने विचारलं की सगळं आठवतं. मात्र सासू शेजारी बसलेली नको. तिच्यादेखत कोणती सून सांगेल की काल भाजीच नव्हती?

कालच्या २४ तासांत १० अन्नगटांपैकी किमान ५ खाल्ले का, ही पद्धत त्यातल्या त्यात बरी, कारण ग्रॅम विचारावे लागत नाहीत. पण १५ ग्रॅमपेक्षा कमी खाल्लेला गट धरू नये, हा तिचा नियम किती जण पाळतात? चिमूटभर जवळ्याची चटणी ‘मासळी’त गेलेली मी पाहिली आहे. आणि एकाच दिवसावरून एका बाईचं खाणं कसं कळणार? पगाराचा आठवडा वेगळा, महिनाअखेर वेगळी, उपवासाचा सोमवार वेगळा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या रक्तक्षय असलेल्या स्त्रिया ४८ टक्क्यांवरून (२०१५-१६) ५४ टक्क्यांवर (२०१९-२१) गेल्या. ते रक्त तपासून कळलं. खाणं तपासायला निदान घरातली भांडी समोर ठेवून, पाणी भरून मापं घ्या. पाहणी करणाऱ्या मुलींना एक दिवस तरी वस्तीतल्या चुलीपाशी बसवा.

परतताना मी मुलीला म्हटलं, तेवढं ‘रोज’ बदल. ती म्हणाली, “काकू, टॅबवर मागे जाता येत नाही.”

— एक निवृत्त अंगणवाडी सेविका, गोवंडी, मुंबई