लेसर पडद्याचा, पथ्य मोतीबिंदूचे

महोदय,

डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) भोक पडले की ते पुढे फाटून पडदा सुटू नये म्हणून भोकाभोवती लेसर मारतात. दवाखान्यात त्याला ‘बॅरेज’ म्हणतात. टाका नाही, भरती होणे नाही, रुग्ण त्याच दिवशी घरी. गोंधळ सुरू होतो तो घरी आल्यावर, कारण वडीलधाऱ्यांना डोळ्याचे एकच पथ्य ठाऊक असते आणि ते मोतीबिंदूचे: डोक्यावरून पाणी नको, आंबट नको, चाळीस दिवस काळा चष्मा. हे सगळे कसोशीने पाळले जाते आणि तिसऱ्या दिवशी तोच माणूस भरलेला गॅस सिलिंडर उचलून स्वयंपाकघरात नेतो.

लेसरने भोक बुजत नाही. त्याच्याभोवती दोन-तीन ओळींत बारीक चटके दिले जातात, तिथे व्रण धरतो आणि पडदा मागच्या थराला चिकटतो. चिकटणे पहिल्या दिवसापासून सुरू होते, पण पक्के व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर डोळ्यातल्या जेलीला बसणारा झटका पडद्याला ओढ देऊ शकतो. म्हणून बहुतेक डॉक्टर या दोन आठवड्यांत वजन उचलणे, शीर्षासन, कपालभाती, पोहण्याच्या तलावात सूर मारणे आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकी हाकणे बंद ठेवायला सांगतात. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो आणि लोखंड धरून वजन तिसाच्या आसपास जाते. गणपतीच्या दिवसांत कमरेला ढोल बांधणाऱ्यांनी तर आधी विचारूनच घ्यावे. उलट आंबटाचा इथे काही संबंध नाही. डोळ्याला चिर दिलेली नसल्याने डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर अंघोळीलाही हरकत नाही. फक्त डोळा चोळायचा नाही.

पहिला दिवस थोडा त्रासाचा जातो. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा असर चार ते सहा तास, कधी दुसऱ्या सकाळपर्यंत राहतो. उजेड डोळ्यांत खुपतो आणि जवळचे पुसट दिसते, तेव्हा गाडी चालवू नये. मधुमेहींच्या घरी एक गोष्ट हमखास विसरली जाते: त्या संध्याकाळी इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या बारीक रेघा रुग्णाला दिसत नाहीत, डोस दुसऱ्याने भरून द्यावा. लेसरची भिंग-काच डोळ्यावर टेकवताना जेल लावतात, त्यामुळे पापण्या चिकट होतात. उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापसाने मिटलेल्या पापणीवरून हलकेच पुसावे. ठणका असला तर साधी पॅरासिटामॉल पुरते. ठणका कमी होण्याऐवजी वाढत गेला, डोळा लाल झाला किंवा मळमळू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

थेंब दिले असतील तर एका वेळी एकच. पापणीच्या खोबणीत एक थेंबही पुरता मावत नाही, दुसरा गालावरच ओघळतो. थेंब टाकून डोळा मिटावा, नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबावा आणि दुसऱ्या औषधाआधी पाच मिनिटे थांबावे. स्टिरॉइडचे थेंब मुदत संपल्यावर ‘बरे वाटते’ म्हणून दुकानातून पुन्हा आणू नयेत. त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो.

खरे पथ्य आहे ते रोज मिनिटभराच्या तपासणीचे. सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर हातभर अंतरावर उभे राहा. एक डोळा तळव्याने झाका, दाबू नका. दुसऱ्याने मधल्या एका तारखेकडे टक लावा आणि मोकळ्या हाताची बोटे वर, खाली, दोन्ही बाजूंना हलवत सगळीकडे दिसतात का पाहा. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि दोष कळतच नाही. आधीपासून नजरेपुढे तरंगणाऱ्या काळ्या ठिपक्यांच्या ‘माशा’ लेसरने जात नाहीत, कडेला चमकणारे काजवेही काही आठवडे राहू शकतात. पण चहाची पूड उडावी तसे नवे ठिपके एकदम आले, काजवे वाढले किंवा कडेने सावली सरकू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सावली उलट दिसते: ती खालून चढत असेल तर पडदा वरच्या बाजूने सुटतो आहे आणि तो भराभर सुटतो. मधोमध स्पष्ट दिसते आहे तोवर शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचण्याची आशा मोठी असते.

‘लेसर झाला, आता चष्मा गेला’ हाही गैरसमज आहे. नंबर घालवणारा लेसर बुबुळावर होतो, हा पडद्यावर. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यांत पडदा ताणलेला असतो आणि चष्मा गेला तरी तो ताण जात नाही. त्यामुळे चष्मा गेलेल्यांनीही पडद्याची तपासणी चालू ठेवावी.

दवाखान्यांकडे एक मागणी. रुग्णाच्या हातात मिळणाऱ्या कागदावर बहुधा इंग्रजीत थेंबांची नावे असतात आणि पुढची तारीख. त्यावर मराठीत आणखी तीन ओळी छापाव्यात: भोक कोणत्या डोळ्यात व कोणत्या बाजूला होते, वजन उचलणे कोणत्या तारखेपर्यंत बंद, आणि सावली दिसल्यास रात्री किंवा रविवारी कोणत्या नंबरवर फोन करायचा.

– एक ऑप्टोमेट्रिस्ट, सांगली