अमेरिकेच्या शिक्षणमंत्री लिंडा मॅकमॅहन यांना खुलं पत्र

मा. मॅडम,
सविनय नमस्कार. इंग्रजी पत्र वेगळं पाठवलंय, हे इथल्या मराठी आईबापांनीही वाचावं म्हणून मराठीत.

गेल्या आठवड्यात मुलीच्या शाळेत परत लॉकडाऊन ड्रिल झालं, म्हणजे शाळेत बंदूकधारी आला तर लपायचा सराव. दुसरीत आहे ती. दिवे बंद, दार लॉक, कोपऱ्यात गप्प बसायचं. तेव्हापासून ती शाळेत बाथरूमला जातच नाही, मधेच दार लॉक झालं तर मी बाहेरच राहीन म्हणते, दिवसभर पाणी पीत नाही आणि इकडे माझी झोप उडालीय. मोठा हायस्कूलला, त्याचंही तेच ड्रिल. तिथल्या काउन्सेलर ग्रँट संपली म्हणून गेल्या, गेटवर मेटल डिटेक्टर मात्र आला.

दोन्ही शाळांना धोका एकच आहे का हो? गोळीबार झालेल्या सँडी हूक (2012, 20 मुलं गेली) आणि युवाल्डी (2022, 19 मुलं गेली) या प्राथमिक शाळा, मारणारा बाहेरून आला. कोलंबाइन, ऑक्सफर्ड, अपालाची ही हायस्कूलं, तिथे मारणारी शाळेतलीच मुलं, म्हणजे कुठे लपायचं हे आज ज्यांना आपणच शिकवतो तशीच. ऑक्सफर्डच्या पोराने त्याच सकाळी कागदावर बंदूक काढली होती, आईबापांना बोलावलं, बोलणं झालं, दप्तर न तपासता परत वर्गात पाठवलं, दुपारी चार मुलं गेली. आणि जीएओने, म्हणजे संसदेसाठी सरकारी कामकाज तपासणाऱ्या संस्थेने, 2020 मध्ये दहा वर्षांतल्या शाळेतल्या गोळीबाराच्या 318 घटना तपासून सांगितलंय की शहरातल्या गरीब शाळांत गोळीबार जास्त, पण बऱ्याचदा भांडणातून, उलट उपनगरातल्या, खेड्यातल्या, सुखवस्तू शाळांत ठरवून शाळेवरच हल्ला होतो आणि माणसं जास्त मरतात ती अशा हल्ल्यांत. मग सगळीकडे तोच गेट आणि तेच ड्रिल कशासाठी? भांडण मिटवायला, बिघडत चाललेलं पोर वेळेत ओळखायला माणूस लागतो.

तो माणूस नेमायलाच युवाल्डीनंतर दोन्ही पक्षांनी मिळून 1 अब्ज डॉलर दिले होते. एप्रिल 2025 मध्ये तुमच्या खात्याने त्या ग्रँट्स बंद करायचं जाहीर केलं. का? त्या परत सुरू करा, आणि प्रत्येक प्रकारच्या शाळेसाठी वेगळा प्लॅन आणा, एवढंच मागणं आहे.

बंदुकवाले पोलीस वाढवू म्हणू नका, युवाल्डीत 376 जण जमले आणि 77 मिनिटं थांबले. खरं तर तुम्ही एकट्या नाही, सगळे तसेच आहात. सँडी हूकनंतर 2013 मध्ये बंदूक घेणाऱ्याच्या बॅकग्राउंड चेकच्या (पूर्वइतिहास तपासणीच्या) बाजूने सिनेटमध्ये 54 मतं पडली तरी बिल पडलं कारण 60 लागतात, मग आम्ही मत द्यायचं तरी कुणाला?

दोन मुलांची आई