दंडाला पट्टा बांधला. लघवी कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चचा दुसरा गुरुवार हा जागतिक मूत्रपिंड दिन आणि १७ मे हा जागतिक उच्च रक्तदाब दिन. त्यांच्या आगेमागे लातूर, नांदेड, बीडपासून तालुक्याच्या गावापर्यंत शिबिरे भरतात आणि त्यांचे फोटो आपल्या पानांवर येतात. फोटोत दंडाला पट्टा बांधलेला असतो, शेजारी शुगरचे मशीन. लघवीची बाटली बहुधा नसतेच. ‘बीपीने किडनी खराब होते’ हे वाक्य मात्र भाषणात हमखास असते. वाक्य खोटे नाही, अर्धे आहे. बीपी वाढवणारे जे संप्रेरक, तेच किडनीच्या आत थेट दाह पेटवते. हा दाह दंडावरच्या आकड्यात उमटत नाही. उमटलाच तर लघवीत.

त्या संप्रेरकाचे नाव अँजिओटेन्सिन-२. त्याचा कच्चा माल यकृत रक्तात सोडते. किडनीतून सुटणारे रेनिन त्यातून दहा अमिनो आम्लांचा तुकडा तोडते. मग मुख्यतः फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचे एसीई हे विकर (एन्झाइम) त्यातली दोन उडवते आणि आठांचे अँजिओटेन्सिन-२ तयार होते. जुलाबाने पाणी गेले, रक्त वाहून गेले, तर माणसाला तगवणारी हीच साखळी: रक्तवाहिन्या आवळायच्या, अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाकरवी मीठ धरून ठेवायचे. ती महिनोन्महिने चालूच राहिली की घात. शिवाय किडनी हा माल केवळ रक्तातून घेत नाही, घरातही बनवते. त्यामुळे किडनीच्या ऊतीत त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

एका किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येकीत रक्त आणणारी एक बारीक धमनी आणि बाहेर नेणारी दुसरी. अँजिओटेन्सिन-२ बाहेर नेणारीला अधिक आवळते. ठिबकची नळी पुढून दाबून धरली की अलीकडच्या ड्रिपरमधून पाणी जोरात उडते, तसा गाळणीतला दाब वाढतो आणि जे गळायला नको ते अल्ब्युमिन प्रथिन लघवीत उतरते. इथपर्यंतचे काम नुसत्या दाबाचे.

यापुढचे काम वेगळे आहे. गाळणीच्या आणि नलिकांच्या पेशींवर एटी-१ नावाचे ग्राही असतात. अँजिओटेन्सिन-२ त्यांवर बसले की पेशीत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरून दाहाची जनुके चालू करते. पेशी एमसीपी-१ नावाचा रासायनिक सांगावा धाडते. तो वास काढत रक्तातल्या पांढऱ्या पेशी ऊतीत उतरतात, भक्षक पेशी होऊन तळ ठोकतात आणि आपल्यासारख्या आणखी बोलावतात. सोबत टीजीएफ-बीटा हे प्रथिन वाढते आणि कोलॅजेन, म्हणजे चिवट तंतूंचे प्रथिन, साचू लागते. म्हणजे वण. वणाची जागा पुन्हा गाळणी होत नाही. त्यात गळलेले अल्ब्युमिन नलिकांच्या पेशी परत शोषायला जातात, त्या भाराने त्याही दाहाचे सांगावे धाडू लागतात. जाळ आपले सरपण आपणच ओढतो.

या सगळ्यात काही दुखत नाही. ‘लघवीला जळजळ नाही, म्हणजे किडनी ठीक’ हा समज म्हणूनच घातक आहे. जळजळ बहुधा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची असते. किडनीतला हा दाह मुका आहे. लघवीला टिकून राहणारा फेस, सकाळी डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी पायावर बोट दाबले की खळगा, ही लक्षणे दिसतात तोवर बरेच पाणी पुलाखालून गेलेले असते.

दाब आणि दाह वेगळे कशावरून, असे कोणी विचारील. २००१ साली मधुमेही किडनीविकाराच्या १७१५ रुग्णांवरचा आयडीएनटी हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला इर्बेसार्टन, म्हणजे एटी-१ ग्राही अडवणारे औषध. दुसऱ्याला अॅम्लोडिपिन, जे बीपी उतरवते पण या संप्रेरकाला हात लावत नाही. तिसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी. पहिल्या दोन गटांचे बीपी जवळपास सारखेच उतरले. तरी रक्तातले क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) दुप्पट होणे, किडनी निकामी होणे किंवा मृत्यू, यांचा एकत्रित धोका इर्बेसार्टनच्या गटात अॅम्लोडिपिनपेक्षा २३ टक्क्यांनी कमी निघाला. दंडावरचा आकडा तोच, किडनीचे नशीब वेगळे. यात गाळणीतला दाब उतरल्याचा वाटा मोठा, दाह शमल्याचाही आहे.

म्हणून लघवी. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना घेऊन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर काढतात. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये गोळा करण्याची गरज नाही. क्रिएटिनिनच्या प्रतिग्रॅममागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर म्हणजे मोठी गळती. लघवीत बुडवायची साधी डिपस्टिक पट्टी ठळक गळती पकडते, सुरुवातीची बऱ्याचदा सोडून देते. तरी शिबिरात काहीच न करण्यापेक्षा पट्टी बरी. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीची अंगमेहनत असेल तर आकडा फुगतो. एका नमुन्यावर शिक्का मारू नये. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढीव आले तरच खरे. सोबत रक्तातले क्रिएटिनिन आणि त्यावरून वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, हवा. निव्वळ ‘क्रिएटिनिन १.२, नॉर्मल’ हा शेरा साठीच्या सडपातळ बाईला फसवतो. तिचा ईजीएफआर ५० च्या आसपास, म्हणजे कमीच भरतो.

या संप्रेरकाला अडवणाऱ्या गोळीविषयी थोडे विस्ताराने, कारण खरा घोळ इथे आहे. रामिप्रिल, एनालाप्रिल ही ‘प्रिल’ मंडळी एसीई अडवतात; टेल्मिसार्टन, लोसार्टन ही ‘सार्टन’ मंडळी ग्राही अडवतात. दोन्ही एकत्र घ्यायची नाहीत. त्याने फायदा वाढत नाही, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन मात्र चढते. ‘प्रिल’ने कोरडा खोकला आला तर गोळी सोडून देऊ नये, ‘सार्टन’वर बदलून घ्यावी. गरोदरपणात दोन्ही वर्ज्य. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहायचे. क्रिएटिनिन थोडे वाढतेच: बाहेर नेणारी धमनी सैल झाली, गाळणीतला दाब उतरला, त्याचा तो पुरावा. १.२ चे १.५ झाले तर ती २५ टक्के वाढ. ३० टक्क्यांपर्यंत गोळी चालू ठेवतात. नेमक्या याच रिपोर्टवर कोणीतरी ‘गोळीने किडनी खाल्ली’ म्हणतो आणि वाचवणारी गोळी बंद होते. वाढ ३० टक्क्यांच्या पुढे गेली किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आता आपल्याकडची खास अडचण. उसाच्या फडात दिवसभर मोळ्या उचलून अंग ठणकते आणि मेडिकलवरून डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळीची पट्टी येते. उन्हाळ्यात परभणी-नांदेडचा पारा ४२ च्या पुढे जातो, घामाने अंगातले पाणी आटते. अशा वेळी किडनीला रक्त आणणारी धमनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच बनणाऱ्या रसायनाच्या जोरावर उघडी राहते. दुखण्याची गोळी तोच जोर काढून घेते आणि ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने बाहेर नेणारी धमनी आधीच सैल केलेली असते. आत येणारे कमी, धरून ठेवायला कोणी नाही, गाळणी बसते. सोबत लघवी होण्याची गोळी असेल तर धोका आणखी वाढतो. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ चालू असताना दुखण्याची गोळी मनाने घेऊ नये. जुलाब-उलट्या सुरू असतील तर बीपीची गोळी एक-दोन दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारावे आणि खाणेपिणे सुरळीत झाल्यावर आठवणीने पुन्हा सुरू करावी. थांबवलेली गोळी कायमची सुटल्याचीच उदाहरणे जास्त.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. त्यात लोणचे, पापड, खारोड्या, ठेचा सगळे आले. जास्त मिठाने या गोळ्यांचा लघवीतले प्रथिन कमी करण्याचा परिणाम बोथट होतो. सैंधव घेतले तरी तेही सोडियमच. ‘लो-सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. किडनी अधू असेल आणि ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ चालू असेल तर ते विषासमान ठरू शकते.

आपल्याकडे एवढीच विनंती: शिबिराची बातमी छापताना किती जणांचे बीपी तपासले या आकड्याशेजारी लघवी किती जणांची तपासली, हाही आकडा आयोजकांकडून मागून घ्यावा.

आपला,
वैद्यकीय व्यवसायातील एक वाचक, लातूर